गजर वाजला नव्हता तेव्हा

आप्पा, आज मी चौथीतल्या एका मुलीला रडवलं. विज्ञान मेळाव्यासाठी तिने प्रयोग ठरवून आणला होता. वहीच्या पहिल्या पानावर स्केचपेनने चौकट आखून त्यात लिहिलं होतं, ‘माझ्या आजोबांना किती पावलांवरून माझी बोटं मोजता येतात?’ प्रश्न चांगला होता. मोजता येण्यासारखा, घरच्या घरी होण्यासारखा. इतकी वर्षं मी पोरांकडून हे मेळावे करून घेते, पण असा स्वच्छ प्रश्न क्वचित हाती येतो. बाकीची पोरं थर्माकोलचे ज्वालामुखी घेऊन येतात, तेही बापाने केलेले. मी त्या चौकटीवर लाल पेनने आडवी रेघ मारली आणि म्हटलं, “माणूस घ्यायचा नाही. मूग घे, भिजत घाल, कोंब मोज.” तिने विचारलं, का. मी म्हटलं, मी सांगते म्हणून. मग तिचे ओठ वाकडे झाले, आणि मी पुढच्या मुलीची वही ओढली. शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका माझ्या या नियमाला हसतात. प्रयोगात घरातलं माणूस आलं की बाई पिसाळतात, असं माझ्या माघारी म्हणतात. म्हणोत. त्यांना काय माहीत आहे?

तुम्हाला माझी चौथी आठवत असेल. सुरतेत प्लेगची पळापळ होऊन दोनेक वर्षं झाली होती, गावी पळालेली माणसं नवागामच्या खोल्यांत परतली होती आणि गल्लीतले साचे, म्हणजे यंत्रमाग, पुन्हा रात्रंदिवस खडखडत होते. आपल्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागूनच एक लूमखातं होतं. भिंतीला पाठ टेकली की दात वाजायचे. तुम्ही त्या खात्यात नव्हता, दोन गल्ल्या पलीकडच्या मोठ्या खात्यात होता, आठ साच्यांवर. आठ साचे म्हणजे मान होता. आई शेजारणींना सांगायची, यांना नुसत्या आवाजावरून समजतं कुठल्या साच्याचा धागा तुटला. आपल्या गल्लीत सगळेच ओरडून बोलायचे. लग्नाचं बोलणं असो, मयताचं असो, नाही तर मीठ उसनं मागणं असो, सगळं एकाच पट्टीत. त्यामुळे कोणाला किती ऐकू येतं हा प्रश्नच कधी निघाला नाही. बहिऱ्यांच्या गावात एक जास्त, एक कमी.

ते घड्याळ तुम्ही चौटा बाजारातून आणलंत. हिरवं, गोल, डोक्यावर दोन वाट्या आणि मधे हातोडी. पोर पहाटे उठून अभ्यास करील म्हणून. तुम्ही चावी दिली, गजर लावला, घड्याळ माझ्या कानाशी धरलंत आणि विचारलंत, “कसं वाजस?” मी म्हटलं, कान फुटतात. तुम्ही इतके खूश झालात की शेजारच्या तिन्ही खोल्यांत जाऊन ते वाजवून आलात, आणि प्रत्येक दारात तेच विचारलंत, “कसं वाजस?” मला वाटलं मिरवताहात. तुम्ही विचारत होता, आप्पा. खरोखरच विचारत होता.

आमच्या बाई धुळ्याकडच्या, हाडकुळ्या, तोंडाने तिखट. पण शाळेत एकट्या त्याच अशा होत्या की मुलांकडून प्रयोग करून घ्यायच्या, पालकांकडून नाही. तीन आठवडे आधी त्यांनी फळ्यावर लिहून दिलं. पहिल्या आठवड्यात प्रश्न आणि अंदाज. दुसऱ्यात प्रयोग, तोही तीनदा. तिसऱ्यात तक्ता, निष्कर्ष आणि मग ड्रॉइंगचा कागद. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं. आणि एकदा काहीच न करता करून बघायचं, म्हणजे आपण स्वतःला फसवतो का ते कळतं. आज मी मुलांना हेच शिकवते, याच क्रमाने, बाईंच्याच शब्दांत. माझा प्रश्न होता, घड्याळ कशात गुंडाळलं की गजर सगळ्यांत कमी ऐकू येतो. पुठ्ठ्याचं खोकं, त्यात एकदा काहीच नाही, एकदा वर्तमानपत्र, एकदा कापूस, एकदा तुमच्या खात्यातल्या चिंध्या. ऐकणाऱ्याने पाठ करून उभं राहायचं आणि एकेक पाऊल पुढे जायचं. ऐकू येतंय तोवर हात वर, बंद झालं की खाली. बाईंनी बजावलं होतं, ऐकणारा माणूस शेवटपर्यंत एकच ठेव. आईला टिकल्या लावायच्या साड्यांतून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. साच्यांच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही होता. मी तुम्हाला घेतलं. सुरतेत लूमवाल्याच्या पोरीने कान मोजायला लूमवाला घेतला, आणि यात काही चुकतंय असं त्या गल्लीत एकालाही वाटलं नाही.

तुम्ही फार हौसेने उभे राहिलात. इस्त्रीचा शर्ट घालून, जसं काही फोटो काढायचाय. रिकाम्या खोक्याला तुम्ही दोन पावलांवर हात खाली केला, वर्तमानपत्राला पाचवर, कापसाला चारवर. चिंध्या कोंबल्या तेव्हा हात वर धरून थेट नळापर्यंत चालत गेलात, नऊ पावलं. मी इमानदारीने लिहिलं. बाईंनी तो तक्ता वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. “चिंध्या भरल्या की आवाज वाढतो. वा! सगळ्या खातेवाल्यांना कळवा, साच्यांवरच्या चिंध्या काढा म्हणावं, गोंगाट आपोआप थांबेल.” वर्ग खिदळला. बाईंनी पानावर फुली मारली आणि हातावर पट्टी. “घरी बसून आकडे रचतेस? विज्ञानात खोटं बोललेलं मला चालत नाही.” त्या दिवसापासून पोरी मला चिंधीबाई म्हणायला लागल्या. नळावर, रांगेत, परसाकडे जातानाही. नऊ-दहा वर्षांच्या पोरी किती दुष्ट असतात ते पुरुषांना माहीत नसतं.

संध्याकाळी मी तुम्हाला ते सांगायला आले. माझा आवाज तेव्हाही असाच घोगरा, पुरुषी. रडू येत होतं, म्हणून मान खाली घालून बोलत होते. तुम्ही ओट्यावर चार माणसांत बसला होता. दोनदा “काय?” म्हणालात. तिसऱ्यांदा मला अशी थोबाडीत दिलीत की मी ओट्यावरून खाली गटाराच्या फरशीवर. “तोंडमा काय गुयनी धरीसन बोलस का?” तोंडात गुळणी धरून बोलतेस का म्हणे. चार माणसं हसली. तोंडातल्या तोंडात बोलण्यावरून तुम्ही आम्हाला किती मारलंत, आप्पा. दादाला तर पट्ट्याने. आई भाकरी थापताना पाठमोरी बोलायची, तिलाही सुटका नव्हती. सगळं घर घाबरून तुमच्या समोर येऊन, तोंड वर करून बोलायला शिकलं होतं, आणि तुम्ही त्याला वळण म्हणत होता.

पुढच्या सुट्टीला मी तुम्हाला पुन्हा उभं केलं. गालावरची बोटं गेली होती. या वेळी बाईंची शेवटची पायरी केली, काहीच न करता करून बघण्याची. घड्याळाला चावीच दिली नाही. रिकामं, मुकं घड्याळ खोक्यात ठेवलं आणि म्हटलं, “हं, वाजतंय.” तुम्ही माझ्याकडे मान वळवून बघत होता. माझे ओठ हलले आणि तुमचा हात वर गेला. तुम्ही चालू लागलात. एक, दोन, तीन, चार. चौथ्याला थांबलात, जरा विचार केल्यासारखं केलंत, हात खाली घेतलात आणि विचारलंत, “बराबर?” मी म्हटलं, बरोबर. मला काय वाटलं ते स्पष्ट लिहिते. दया नाही वाटली. आनंद झाला. माझ्या तोंडात गुळणी नव्हती. तुमच्या कानांत बुचं होती.

सोमवारी मी बाईंना शाळा सुटल्यावर सांगितलं.  मग त्यांनी पान मागितलं, स्वतःची फुली खोडरबराने खोडायचा प्रयत्न केला, ती काही जाईना, तेव्हा नवा कागद दिला. म्हणाल्या, आईला घेऊन सगळं पुन्हा कर. दोन तक्ते काढ, ऐकणारा पहिला आणि ऐकणारा दुसरा. नाव कोणाचंच लिहू नकोस. मी आईला घेऊन पुन्हा केलं, सगळं व्यवस्थित आलं, रिकाम्या खोक्याला सगळ्यांत जास्त पावलं, चिंध्यांना सगळ्यांत कमी. आणि मग तुम्हाला सांगितलं, “बाईंनी तुम्हाला बोलावलंय मेळाव्यात. ऐकून दाखवायला.”

तुम्ही ठेवणीतला पांढरा सदरा काढून घातलात. शाळेच्या वाटेवर, भंगारवाल्याच्या दुकानापाशी, तुम्ही थांबलात आणि इकडेतिकडे बघून, खाली वाकून म्हणालात, “खात्यामा राहीराहीसन कान थोडा दबी जास. तू समोर उभी ऱ्हाय. वाजनं की खूण कर.” खात्यात बोलणं ऐकू जात नाही, म्हणून कारागिरांच्या बोटांच्या खुणा असतात. पाण्याची, चहाची, शेठ आल्याची. दोन बोटं स्वतःच्या खांद्यावर टेकली की ‘तुझ्या साच्याकडे बघ’. ती खूण आपली ठरली. तुम्ही मला ती तिथल्या तिथे दोनदा करायला लावलीत. मला वाटतं, तुम्ही आयुष्यात कोणाला एवढं कधी सांगितलं नसेल. आईलासुद्धा नाही.

शाळेचा हॉल तुम्हाला आठवतो का? बाकं जोडून त्यांवर गुलाबी साडीचं कापड अंथरलं होतं, ते तुमच्याच खात्यातलं, शेठनी दिलेलं. बक्षिसंही त्यांचीच, म्हणून पाहुणेही तेच. सुट्टीचा दिवस होता, गल्लीतले साचे बंद. तुम्हाला दारात पाहून बाई म्हणाल्या, “अहो, तुम्ही कशाला आलात?” तुम्ही हात जोडलेत. त्यांचं वाक्य तुम्हाला पोचलंच नव्हतं. मग शेठ आमच्या बाकापाशी आले, तुम्हाला बघून म्हणाले, “आ तो मारो कारीगर!” आणि बाईंना, “करी बतावो ने, बेन.” करून दाखवा. बाई म्हणाल्या, तक्ता आहे की शेठ, तोच बघा. शेठ हसले, “तक्ता तो बधा बतावे.” तक्ता तर सगळेच दाखवतात. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हण, असं त्या डोळ्यांनी सांगत होत्या. मी वही घेऊन तुमच्यासमोर जाऊन उभी राहिले.

बाईंनी चावी दिली. खोकं उघडंच होतं. गजर वाजला, आणि त्या बंद हॉलमध्ये असा वाजला की पहिलीतल्या पोरांनी कानांवर हात ठेवले. तुमची पाठ बाकाकडे होती आणि डोळे माझ्या खांद्यावर. तुम्ही हसत होता. मी वही दोन्ही हातांनी धरली होती. गजर वाजत राहिला. आधी मागच्या पोरी फिसकल्या, मग शेजारचे पालक. तुम्ही मला भुवयांनी विचारलंत, झालं का सुरू? मी हलले नाही. चावी संपली, हातोडी दोनदा अडखळली आणि थांबली. शेठ म्हणाले, “आ तो बहेरो छे!” बाईंनी झाकण लावलं आणि म्हणाल्या, झालं, चला पुढे. इथे थांबता आलं असतं. सगळे तुमच्याकडे बघत होते, हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती. तेव्हा मी वहीवरून उजवा हात काढला आणि दोन बोटं खांद्यावर टेकली.

तुमचा हात वर गेला. ताठ, अगदी झेंडा धरल्यासारखा. त्या सगळ्या शांततेत तुम्ही हात वर धरून, मान ताठ ठेवून, एक एक पाऊल मोजत चालायला लागलात. हॉल कोसळला, आप्पा. माणसं बाकांवर हात आपटून हसत होती. तुम्ही त्यांची तोंडं बघितलीत, त्यांना आनंद झालाय असं समजलात आणि आणखी दोन पावलं चाललात. मी वहीत लिहिलं, ऐकणारा पहिला, घड्याळ बंद, सहा पावलं.

मला पहिलं बक्षीस मिळालं, कंपासपेटी. ती शेठनी दिली आणि घरापर्यंत तुम्ही हातात धरून आणलीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही पाळीवर गेलात तेव्हा तुमच्या आठ साच्यांवर दुसरा माणूस होता. गेले काही महिने कापडात फॉल्ट येत होते, कोणामुळे ते शेठ शोधत होते, आणि ते त्यांना माझ्या बाकापाशी सापडलं. “साचानो अवाज केवी रीते सांभळे?” साच्याचा आवाज ऐकतोस कसा, असं खात्यातल्या मास्तरने तुम्हाला तोंडावर विचारलं. तुम्हाला कांड्या भरायला, म्हणजे रिळांवर धागा गुंडाळायला बसवलं, बायका आणि म्हातारे बसतात तिथे, मजुरी निम्म्यावर. तुम्ही तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. पुढे जगलात तितकी वर्षं तुम्ही कांड्याच भरल्यात, आधी तिथे, मग गोडादऱ्याच्या एका खात्यात. घरात बाईंचं नाव निघालं की तुम्ही थुंकायचात. त्या मास्तरणीने बोलावून घेऊन माझी भाकर काढली म्हणायचात. आणि आई माझ्यावर डोळे वटारायची तेव्हा तिलाच दटावायचात, “पोर घाबरी गयी व्हती. खूण चुकनी. तिना काय दोस?”

पोर घाबरली, खूण चुकली. मरेपर्यंत तुम्ही हे इतक्यांदा म्हणालात की मी कधी कधी त्यावर विश्वास ठेवायला लागते. मी त्याच कंपासपेटीवर सातवी केली. पुढे तुमच्याच कांड्यांवर डी.एड. केलं. तुम्ही मला त्यानंतर कधी मारलं नाहीत, हेही लिहायला हवं. तोंड वर करून बोल, असंही नंतर कोणाला म्हणाला नाहीत. तुम्ही गप्प झालात. घर खूप सुखाचं झालं आणि मला ते आवडायचं.

नोकरी लागली त्या आठवड्यात मी पेढे घेऊन आले. सुट्टीची संध्याकाळ होती, भिंतीमागचे साचे बंद होते, तुम्ही दाराकडे तोंड करून जेवत होता आणि मी तुमच्या मागे, मोरीपाशी पाय धुत होते. आई पाणी आणायला गेली होती. माझ्या मनात आलं, आता सांगावं. पाठीला सांगितलं तर सांगितल्याचं समाधान आणि ऐकल्याची भीती नाही. मी ओरडले नाही, नेहमीच्या आवाजात बोलले. “आप्पा, बाईंनी तुम्हाला बोलावलं नव्हतं. मी खोटं सांगितलं. आणि खूण चुकली नव्हती.” पायावर पाणी घेतलं, टॉवेल घेतला. तुम्ही थोड्या वेळाने म्हणालात, “भाकर आन.” मी भाकरी वाढली. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, पण तसे तुम्ही जेवताना कधीच कोणाकडे पाहायचा नाहीत.

मागच्या वर्षी आमच्या शाळेत कान तपासणारी माणसं आली होती. त्यांच्यातली एक मुलगी मशीन लावता लावता सांगत होती, लूमवाल्यांचे कान एकदम जात नाहीत. आधी बारीक, टोकदार आवाज जातात, घंटा, शिट्टी, गजर. जाड आवाज बरीच वर्षं टिकतात. मग ती हसून मला म्हणाली, “तुमच्यासारखा घोगरा आवाज तर त्यांना चांगला ऐकू येतो, मॅडम, मागून बोललात तरी. गोंगाट नसला आणि तुम्ही रडत, मान खाली घालून पुटपुटत नसलात म्हणजे झालं.” मी तिला चहा दिला आणि वर्गात गेले.

हे पत्र मी त्या मुलीच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलं आहे. वही तपासायला घरी आणली होती. पानं फाडून घेईन आणि उद्या वही तिला परत देईन, लाल रेघ तशीच ठेवून. एक गोष्ट राहिली. त्या संध्याकाळी मी बोलले तेव्हा तुमचा घास तोंडाकडे निघाला होता, तो वाटेत थांबला होता. बराच वेळ थांबला होता. मी ते पाहिलं, आणि सगळं लिहून ठेवणारी मी, तेवढंच कुठे लिहिलं नाही.